दोन डोळ्यांच्या मधोमध

मुलांनो, परवा दापोलीजवळच्या मुरूडला होडीतून तुम्ही डॉल्फिन पाहिलेत ना, त्यांच्याबद्दलची एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. डॉल्फिनला वास येत नाही. कमी येतो असं नव्हे, अजिबात येत नाही. वास मेंदूपर्यंत नेणारी नसच त्याच्या डोक्यात नसते.

काय म्हणालीस? पाण्यात कसला आलाय वास? अगं, पाण्यातही वास असतो. शार्कला तो येतो. सामन नावाचा मासा तर वर्षानुवर्षं समुद्रात भटकतो आणि अंडी घालायची वेळ आली की ज्या नदीत जन्मला तीच नदी पाण्याच्या वासावरून हुडकून काढतो. डॉल्फिनची गोष्ट वेगळी, कारण तो मासाच नाही. फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिल्लांना दूध पाजणारा प्राणी तो. त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून ए. रंगा राव नावाच्या आपल्या भूवैज्ञानिकांनी गोळा केलेले दगड पुष्कळ वर्षांनी अमेरिकेत फोडले, तेव्हा त्यांतून एका मांजराएवढ्या, खुरांच्या प्राण्याची हाडं निघाली. त्याला इंडोहायस म्हणतात. साधारण 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. देवमासे आणि डॉल्फिन यांचं जमिनीवरचं हे अगदी जवळचं नातं. जमिनीवरच्या त्या पूर्वजांना वास येत असणारच. पुढे वंशज पाण्यात राहायला गेले, नाकपुड्या सरकत सरकत डोक्याच्या माथ्यावर आल्या, बुडी मारताना त्या मिटून घ्याव्या लागल्या. भक्ष्य शोधायला आवाजाचा प्रतिध्वनी कामी यायला लागला. नाक उरलं ते फक्त श्वासापुरतं. त्यामुळे डॉल्फिनला आपलं काही गेल्याचं दुःख नाही.

माणसाचं तसं नाही. वास गेला की माणूस कासावीस होतो, आणि आजूबाजूच्यांना त्याचं काहीच वाटत नाही. कुणाची नजर गेली तर सगळं गाव हळहळतं. वास गेला म्हटलं की लोक म्हणतात, "एवढंच ना!" हे ‘एवढंच’ म्हणजे केवढं, ते आज तुम्हाला सांगायचंय.

आधी एक प्रयोग करू. आजीकडून वाटीत थोडं श्रीखंड घेऊन या, केशर-वेलची घातलेलं. आणलंत? आता एका हाताने नाक चिमटीत घट्ट धरा आणि एक चमचा तोंडात घ्या. गिळू नका, जिभेवर घोळवा. काय कळतंय? गोड. किंचित आंबट. गार आहे, मऊ आहे. आणखी काही? नाही ना? आता चिमटी सोडा.

आली वेलची! बघ, डोळे कसे मोठे झाले तुझे. मागोमाग केशरही आलं. तोंडात तर ते मघापासूनच होतं, मग कळत का नव्हतं? कारण जीभ बिचारी पाचच गोष्टी ओळखते. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी ती पिकल्या टोमॅटोत, सुक्या मासळीच्या कालवणात असते ती उमामी. बाकी ज्याला ज्याला आपण चव म्हणतो, ती खरं म्हणजे वासाची करणी. घास चावला की त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात चढतो. आंबा आणि पपई, जिरं आणि ओवा, कोकम आणि चिंच यांतला फरक आपल्याला तिथे कळतो. म्हणून वास गेलेला माणूस डॉक्टरांकडे जाऊन सांगतो, "मला चवच लागत नाही हो." डॉक्टर जिभेवर साखर ठेवतात, मीठ ठेवतात, आणि तो बरोबर ओळखतो. जीभ शाबूत असते. गेलेलं असतं ते वरचं.

वर म्हणजे कुठे? बोट ठेवा दोन डोळ्यांच्या मधोमध. तिथून आत, नाकाच्या अगदी छताला, एक ओलसर पातळ अस्तर आहे. दोन्ही बाजूंचं मिळून काही चौरस सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. वासाचं सगळं काम तिथे चालतं. आपण शांतपणे श्वास घेतो तेव्हा हवेचा अगदी थोडा हिस्सा तिथवर पोचतो. म्हणून तर मोगरा दिसला की आपण जोरात हुंगतो. हवा वर ओढून घ्यावी लागते.

त्या अस्तरात काही दशलक्ष पेशी उभ्या असतात. प्रत्येकीच्या टोकाला बारीक केस, आणि ते केस नाकातल्या चिकट पाण्यात बुडालेले. ज्या शेंबडाला तुम्ही ‘शी’ म्हणता त्याच्यातच वासाचे कण आधी विरघळतात आणि मग पेशीला भेटतात. आता नीट ऐका. या पेशी म्हणजे साधी कातडी नव्हे. या मज्जापेशी आहेत, ज्यांचं दुसरं टोक थेट मेंदूत गेलेलं असतं. डोळ्याच्या पडद्यापुढे बुबुळ आहे, भिंग आहे. कानाच्या आतल्या नसा पडद्यामागे, हाडाच्या पोकळीत सुरक्षित आहेत. इथे मात्र मज्जापेशी उघड्या हवेत आलेल्या असतात. मधे काय, तर शेंबडाचा एक थर. धूळ, धूर, जंतू, फटाक्यांचा धूर, मिरचीचा ठसका, सगळं त्यांच्या अंगावर येतं.

मग त्या टिकतात कशा? टिकतच नाहीत. मरतात. आणि त्याच अस्तराच्या तळाशी बसलेल्या मूलपेशी नव्या मज्जापेशी तयार करतात. साधारण महिना-दोन महिन्यांत जुन्या जाऊन नव्या येतात. आपल्या शरीरातल्या बहुतेक मज्जापेशींना हे जमत नाही. पाठीच्या कण्यातली मज्जा तुटली तर माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळतो. नाकाच्या छतावर मात्र जन्मभर नवं पीक येत राहतं, आणि प्रत्येक नवी पेशी आपला धागा वाढवत वाढवत मेंदूतली आपली नेमकी जागा शोधते. मला विचाराल तर सबंध शरीरात याच्याहून मोठं आश्चर्य नाही.

पेशी वास ओळखतात कशा, हे कोडं पुष्कळ वर्षं सुटत नव्हतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल हे दोघे त्याच्या मागे लागले. 1991 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की उंदराच्या नाकात वास पकडणारी वेगवेगळ्या घडणीची शेकडो प्रथिनं असतात आणि प्रत्येकाचं जनुक वेगळं असतं. 2004 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. माणसात अशी चालू स्थितीतली जनुकं सुमारे 400 आहेत. उंदरात हजाराच्या वर. आफ्रिकेच्या हत्तीत जवळजवळ 2,000! सोंड काही उगाच एवढी लांब नाही. आणि एका पेशीवर एकाच जातीचं प्रथिन असतं, दोन जातींचं नाही.

तुमची आत्याआजी पेटी वाजवते ना? आपल्या नाकात 400 पट्ट्यांची पेटी आहे असं समजा. वेलचीचा वास म्हणजे एक पट्टी नव्हे. वेलचीत कितीतरी रसायनं, प्रत्येक रसायन चार-पाच पट्ट्या दाबणार, कुठली जोरात, कुठली हलकी. सगळ्या एकदम वाजल्या की मेंदू म्हणतो, वेलची. एकच पट्टी शेकडो वासांमधे वाजते, फक्त साथीच्या पट्ट्या बदलतात. म्हणून 400 पट्ट्यांवर माणूस अगणित वास ओळखू शकतो. ही पेटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणसाचं नाक म्हणजे अगदीच टाकाऊ, असं एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका नावाच्या मोठ्या फ्रेंच डॉक्टरांमुळे लोकांच्या मनात बसलं. ते काही खरं नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांत बोळे घातले, गुडघ्यांवर रांगायला लावलं आणि गवतावर चॉकलेटच्या वासाचा दोरा अंथरून तो हुंगत हुंगत जायला सांगितलं. तीनातल्या दोघांनी तो माग शेवटपर्यंत काढला, आणि सराव केल्यावर वेगही वाढला. पहिल्या पावसाला मातीचा जो वास सुटतो त्यातलं एक मुख्य रसायन मातीतले सूक्ष्म जीव तयार करतात. जिओस्मिन त्याचं नाव. त्याचे हवेच्या एक लाख कोटी भागांत पाच-सहा भाग असले तरी आपल्याला कळतं. कनौजला याच वासाचं मातीचं अत्तर पिढ्यान्‌पिढ्या गाळतात.

हं, आता वास जातो कसा.

सर्वांत साधी तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. सर्दी झाली, नाक चोंदलं, आतलं अस्तर सुजलं. हवाच वर चढत नाही, तर वास कुठून येणार? सूज उतरली की वास परत. काहींच्या नाकात द्राक्षांच्या घडासारखं मांस वाढतं, त्याला पॉलिप म्हणतात. तिथेही हवेची वाटच अडलेली असते. कान-नाक-घशाचे डॉक्टर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने ती मोकळी करतात.

दुसरी तऱ्हा फार क्रूर. नाकाचं छत आणि मेंदू यांच्या मधे एक पातळ हाड आहे, त्याला पुष्कळ बारीक भोकं. मज्जापेशींचे धागे त्या भोकांतून वर मेंदूत जातात. माणूस स्कूटरवरून पडला, डोकं मागच्या बाजूने रस्त्यावर आपटलं, की कवटीच्या आत मेंदू हिसका खाऊन सरकतो. हाड जागच्या जागी, मेंदू सरकलेला, मधले धागे कापले जातात. वरून जखम दिसतही नाही. टाके भरले, माणूस घरी आला, आणि मग जेवताना लक्षात येतं की कशालाच वास नाही. हेल्मेट घाला म्हणून मी तुमच्या बाबांच्या मागे लागतो त्याचं हेही एक कारण.

तिसरी तऱ्हा विषाणूंची. सर्दी उतरते, नाक मोकळं होतं, तरी वास येत नाही, असं थोड्या लोकांचं पूर्वीही होत असे. 2020 मध्ये मात्र जगभर एकाच वेळी असंख्य माणसांचा वास गेला, तोही पुष्कळदा नाक न चोंदता. त्या वर्षी 13 जूनला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास किंवा चव जाणं हे कोविडच्या लक्षणांत धरलं. पुण्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी वास मोजून देणारं यंत्र तयार केलं आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या लागण झालेल्या माणसांचंही नाक तपासलं. त्यांतल्या पुष्कळांना आपली घ्राणशक्ती कमी झालीय हे ठाऊकच नव्हतं.

विषाणूने मज्जापेशी खाल्ल्या असणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. निघालं वेगळंच. हार्वर्डच्या संशोधकांनी पाहिलं तर या विषाणूला आत शिरायला जे प्रथिन लागतं ते मज्जापेशींवर जवळपास नव्हतंच. ते होतं त्यांच्या आजूबाजूच्या आधारपेशींवर. या पेशी मज्जापेशींना आधार देतात, त्यांच्या भोवतीचं पाणी राखतात, घाण काढतात. विषाणूने घाव घातला तो या राबणाऱ्यांवर. त्या पडल्या आणि मज्जापेशींचं काम आपोआप थांबलं. म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. आधारपेशी नव्याने उगवल्या, संपलं. ज्यांच्यात मज्जापेशींचंही नुकसान झालं त्यांना मात्र वाट पाहावी लागली.

तुमच्या आत्याआजीला वाट पाहावी लागली. ती पुण्यात एकटीच असते, तुम्हाला माहीतच आहे. ताप उतरून बरेच दिवस झाले होते. ओट्यापाशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. शेजारच्या शेगडीवर आमटी करपून काळी झाली, धूर झाला, शेजारीण दार वाजवत आली तेव्हा हिला कळलं. हातभर अंतरावर होती ती. मला फोनवर म्हणाली, "दादा, मला माझ्याच घरात कुणीतरी काचेच्या पलीकडे ठेवल्यासारखं वाटतंय." तिला पावडरचा वास नाही, उदबत्तीचा नाही, अंगाला घामाचा वास येत असेल का या धास्तीने दिवसातून तीनदा आंघोळ. अमृतांजन लावलं तर गार झिणझिणी कळायची, आणि "आला बाई वास!" म्हणून ती हरखायची. तो वास नव्हता. मिरचीचा झोंबरेपणा, पुदिन्याचा गारवा, कांद्याने डोळ्यांत येणारं पाणी, या सगळ्याची नस वेगळी असते, चेहऱ्याच्या स्पर्शाची. वास गेला तरी ती जागी राहते.

आणि मग काही महिन्यांनी वास परत यायला लागला, आणि तीच जास्त वाईट गोष्ट झाली. सकाळी कॉफी केली, कप तोंडाशी नेला आणि तो तिने मोरीत ओतला. गटाराचा वास येतोय म्हणाली. कांदा-लसणाची फोडणी घातली की तिला जळकं, कुजकं काहीतरी यायचं. अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. दही-भात, काकडी, गार दूध, एवढ्यावर ती राहिली. अर्धं अंग उरलं होतं तिचं. नातेवाइकांतल्या एकाने सांगितलं, "मनावर घेतलंय तिने." मला अजूनही त्याचा राग येतो. तिचं मन ठीक होतं. तिच्या नाकात जे चाललं होतं त्याला पॅरोस्मिया म्हणतात आणि ते मोजून दाखवता येतं.

आता ती पेटी आठवा. नव्या मज्जापेशी उगवत असतात, पण सगळ्या एकदम नाही. 400 पट्ट्यांपैकी काही वाजतात, काही मुक्या, आणि काही धाग्यांनी मेंदूतली चुकीची जागा धरलेली असते. कॉफीच्या वासात शेकडो रसायनं असतात. सगळ्या पट्ट्या वाजल्या की ती खमंग कॉफी. निम्म्याच वाजल्या की भलताच सूर. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीतली रसायनं एकेक करून वेगळी काढली आणि असा त्रास असलेल्या माणसांना एकेक हुंगायला दिली. बहुतेकांनी एकाच रसायनापाशी तोंड फिरवलं. ते गंधक असलेलं रसायन आहे, निरोगी नाकाला भाजलेल्या कॉफीचा छान वास देणारं. कांदा, लसूण, भाजलेलं मांस, अंडं, या सगळ्यांत गंधकाची अशीच रसायनं असतात, आणि ती अगदी कणभर असली तरी नाकाला कळतात. म्हणून अर्धवट सावरलेल्या नाकाला आधी तीच जाणवतात, साथीशिवाय, उघडीनागडी. 2022 मध्ये हे छापून आलं तेव्हा मी ते आत्याआजीला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

काहींना याहून वेगळं होतं. समोर काहीच नसताना जळका वास येतो. कधी अर्धशिशीच्या आधी, कधी फेफऱ्याचा झटका येण्याआधी. असं वारंवार झालं तर डॉक्टरांना सांगायचं. सर्दी-पडसं नसताना वास अचानक गेला किंवा एकाच नाकपुडीचा गेला, तरी सांगायचं. घरगुती वाफारे घेत बसायचं नाही.

"वास नसला तर काय बिघडतं?" असं विचारणाऱ्यांना मी टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेची गोष्ट सांगतो. 18 मार्च 1937. तेलाच्या विहिरींनी श्रीमंत झालेलं गाव, मोठी नवी शाळा. पैसे वाचवायला शाळेने विहिरींतून निघणारा फुकटचा नैसर्गिक वायू नळ जोडून घेतला होता. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. तो गळत होता, जमिनीखालच्या पोकळीत साठत होता. शाळा सुटायच्या बेताला कार्यशाळेतल्या शिक्षकांनी एक विजेचं यंत्र सुरू केलं, ठिणगी पडली. सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक तुमच्याएवढी मुलं. त्या दिवशी त्या शाळेतल्या प्रत्येकाचं नाक उत्तम होतं. हुंगायला काही नव्हतं एवढंच. त्यानंतर टेक्ससने कायदा केला की वायूत दुर्गंध मिसळलाच पाहिजे, आणि मग तो रिवाज जगभर पसरला. आपल्या सिलेंडरच्या गॅसचा जो वास येतो तो गॅसचा नव्हे, मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा. तोही गंधकवाला, हवेत अगदी नगण्य असला तरी कळणारा. म्हणजे स्वयंपाकघराची राखण आपण नाकावर सोपवली आहे. आणि वय वाढतं तसं नाक मंदावतं, ऐंशीच्या पुढच्या निम्म्याहून जास्त माणसांचं. आत्याआजीच्या ओट्याखाली तुमच्या बाबांनी गॅस गळला की ओरडणारं यंत्र बसवलं ते यासाठी. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर ती आता तारीख लिहिते.

काही मुलं वासाच्या जाणिवेशिवायच जन्माला येतात. त्यांना ते कळतही नाही, कारण सगळ्यांना असंच असतं असं त्यांना वाटतं. शाळेत कुणी नाक धरलं की तीही धरतात. यांतल्या काहींची गोष्ट फार विलक्षण आहे. ती वयात येतच नाहीत. आवाज फुटत नाही, मिसरूड येत नाही, मुलींची पाळी सुरू होत नाही. फ्रान्झ कालमन यांनी 1944 मध्ये अशा कुटुंबांचं वर्णन केलं, म्हणून त्याला कालमन सिंड्रोम म्हणतात. नाकाचा आणि वयात येण्याचा संबंध काय? उत्तर सापडलं 1989 मध्ये, उंदराच्या गर्भात. वयात येण्याचा हुकूम सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत! त्या जन्मतात गर्भाच्या नाकात, आणि वासाच्या मज्जातंतूंचा धागा धरून चालत चालत मेंदूत जातात. तो धागाच तयार झाला नाही तर वासही नाही आणि वाटेवर अडकलेल्या त्या पेशींचा हुकूमही नाही. तुमच्या माझ्या प्रत्येकाच्या डोक्यात आईच्या पोटात असताना ही पायवाट तुडवली गेली आहे. या मुलांना संप्रेरकांची औषधं देता येतात आणि ती छान मोठी होतात. फक्त कुणीतरी वेळेवर विचारावं लागतं, "बाळा, तुला वास येतो का रे?" आणि ते फार थोडे जण विचारतात.

वास जाणं ही कधी कधी पुढच्या दुखण्याची चाहूलही असते. कंपवात, ज्याला पार्किन्सन म्हणतात, त्यात हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी पुष्कळांचा वास कमी होतो. वास गेलेल्या प्रत्येकाला कंपवात होतो असं नव्हे हं, घाबरू नका. पण याच आजारात नाकाने उलटं कामही केलं आहे. स्कॉटलंडच्या पर्थ गावच्या जॉय मिल्न या परिचारिका. त्यांच्या नवऱ्याच्या अंगाला एक वेगळाच, कस्तुरीचा वास यायला लागला. दहाबारा वर्षांनी त्याला पार्किन्सन झाल्याचं कळलं. पुढे रुग्णांच्या एका बैठकीत गेल्या तर तिथे सगळ्यांच्या अंगाला तोच वास. त्यांनी हे एडिंबरोचे संशोधक टिलो कुनाथ यांना सांगितलं. कुनाथांनी बारा जणांचे घातलेले टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले, सहा रुग्णांचे, सहा निरोग्यांचे. बाईंनी सहाही रुग्ण ओळखले, आणि निरोग्यांतला एक शर्टही रुग्णाचाच म्हणाल्या. एकच चूक, असं सगळ्यांनी धरलं. काही महिन्यांनी त्या सातव्या माणसालाही पार्किन्सन असल्याचं निदान झालं. आता पाठीच्या तेलकट थरातली ती रसायनं यंत्राने ओळखायचं काम मँचेस्टरला चालू आहे.

आणि आत्याआजीचं काय, असं मघापासून विचारतोयस ना? सांगतो. गेलेल्या वासावर हमखास गोळी नाही. पण 2009 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, या चार वासांच्या बाटल्या. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक बाटली थोडा वेळ हुंगायची, बारा आठवडे. ज्यांनी हे केलं त्यांची घ्राणशक्ती न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. सगळ्यांची नाही, आणि पुरती तर क्वचितच. पण नव्याने उगवणाऱ्या पेशींना रोज काहीतरी काम द्यायचं, ही कल्पना टिकली. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की जास्त महिने केलं तर जास्त उपयोग होतो.

तिने हे नेटाने धरलं. डब्याच्या झाकणावर चार बाटल्या मांडायची, डोळे मिटून एकेक नाकाशी धरायची, आणि तो वास पूर्वी कसा असायचा ते मनात आणायची. लवंग आधी आली, दातदुखीच्या तेलातली ओळखीची. निलगिरी दुसरी. लिंबाचं अजून अर्धंच येतं, सालीचा कडवटपणा कळतो पण तजेला नाही. कांद्याची फोडणी आता तिला सोसते, कॉफी नाही, म्हणून चहा. गुलाब मात्र अजून आलेला नाही. बाटलीतलं तेल जुनं झालं की उडून जातं आणि मग नाकाला दोष दिला जातो, म्हणून दर काही महिन्यांनी मी नवी बाटली नेऊन देतो. या खेपेला तुम्ही येणार असाल तर आधी तुमच्या नाकांनी दोन्ही बाटल्या तपासून घ्या, जुनी कुठली आणि नवी कुठली, तिला ते करता येत नाही.